सगळं बरोबर घेऊन निघालेली स्क्रिप्ट

मागच्या वेळी आपण १९७९ पर्यंत, म्हणजे स्टीफन बोर्न यांचा शेल युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आला, तिथपर्यंत पोहोचलो होतो. आजचा प्रश्न असा, की एका यंत्रावर लिहिलेली शेल स्क्रिप्ट दुसऱ्यावर का अडते? शेल स्वतः फार थोडं करतो हो. तो सेड, ऑक, ग्रेप यांना हाका मारतो. ती मंडळी घरात नसली, किंवा त्याच नावाची पण वेगळ्या वळणाची निघाली, की काम थांबलं.

ऐंशीच्या दशकात युनिक्सच्या घराण्यात भाऊबंदकी माजली. बर्कलेचं एक, एटी अँड टीचं दुसरं, कंपन्यांची आणखी निराळी. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूची साधनं सांभाळत होते. आपलं यंत्र कसं आहे हे वापरणाऱ्यानंच हातानं सांगायचं, हा प्रकार फार वाढला होता. त्यातून ऑटोकॉन्फ निघालं. त्याची खुबी बघा: ऑटोकॉन्फ आणि एम-फोर लागतात ते लिहिणाऱ्याच्या यंत्रावर. वापरणाऱ्याच्या हाती येते 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट. ती छोटे छोटे सी प्रोग्रॅम लिहून, ते जमतात का हे स्वतःच तपासते. जुन्या काही शेलना फंक्शन कळत नसत, म्हणून कित्येक वर्षं तिनं फंक्शनसुद्धा टाळली; तोच मजकूर पुन्हा पुन्हा. स्क्रिप्ट हजारो ओळींची झाली. माझ्या मते सौदा शहाणपणाचाच होता, पण ती कोणी वाचेना.

त्याची किंमत २०२४ मध्ये कळली. फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यात एक बदललेली एम-फोर फाइल होती. उघड्या गिट भांडारात ती नव्हती. कॉन्फिगर चालली, की चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींतून चोरवाट निघून बांधणीत शिरे. एसएसएचला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलं. खणत गेले, आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं.

दुसरी वाट एल्को डोल्स्ट्रा यांच्या निक्सची. त्यांचा उट्रेख्टचा प्रबंध २००६ चा. १९८० साली डेनिस रिची यांनी आणलेली हॅश-उद्गारचिन्हाची पहिली ओळ आठवा. स्क्रिप्ट कोणी चालवायची, एवढंच ती सांगे. तिथे निक्स-शेल लिहून खाली हवी ती साधनं नोंदवली, की निक्स ती आणतो आणि मगच स्क्रिप्ट सुरू होते. मात्र भांडाराची नेमकी आवृत्तीही नोंदवा. नुसत्या नावावर सहा महिन्यांनी वेगळंच साधन हाती येऊ शकतं. आणि निक्स स्वतः यंत्रावर आधी हवाच. मॅकेन्झींच्या कॉन्फिगरला शेल, नेहमीची साधनं आणि सी कंपायलर पुरे.