न दिसणाऱ्या धुराचे मोजमाप

उसाचा गळीत हंगाम सुरू असला की आमच्या निपाणी परिसरातील गृहिणी अंगणात वाळवण घालण्यापूर्वी कारखान्याच्या धुराड्याकडे नजर टाकतात. वारा कोणत्या दिशेचा आहे, हे पापडांवर उतरलेली चिपाडाची काजळीच सांगते. शासकीय सेवेत असताना अशा तक्रारींचे अर्ज आमच्याही मेजावर येत. 'पाहणीवेळी धूर काळा आढळला नाही' असा शेरा मारून ते निकालात निघत. आम्हीही तो मारला आहे.

हा शेरा केवळ आळसाचा नव्हता. त्यामागे जुनी परंपरा होती. फ्रान्समधील रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास काळ्या रेघांच्या जाळ्यांचा एक तक्ता तयार केला. तो समोर धरून धुराचा काळेपणा वीस-वीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी ठरवीत. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ साली कायदा झाला, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. धूर म्हणजे डोळ्यांना दिसतो तो, ही समजूत त्या काळची. परंतु ज्वलनातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो. हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि तो फुप्फुसांना जाचतो. अर्जदार खोकत असे, पण तक्ता कोरा राही.

हा अदृश्य वायू लेसरने पकडणाऱ्यांपैकी एक आपल्याच मुलखातले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चंद्रकुमार नारणभाई पटेल १९३८ साली बारामतीस जन्मले. त्या वेळी बारामती आणि निपाणी एकाच इलाख्यात होत्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. १९७१ मध्ये सहकारी क्रॉयझर यांच्यासह त्यांनी मोटारीच्या धुरातील व भोवतालच्या हवेतील नायट्रिक ऑक्साइड मोजला.

युक्ती मोठी रम्य आहे. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो. नायट्रिक ऑक्साइड सुमारे ५.३ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश घेतो. तसा लेसरकिरण थांबवत-थांबवत नळीतील वायूवर सोडला की वायू क्षणोक्षणी तापतो, निवतो, त्याचा दाब हेलकावतो आणि सूक्ष्म ध्वनी उमटतो. तो ध्वनिग्राहकाने टिपायचा. हा परिणाम टेलिफोनकर्त्या बेल यांनी १८८० सालीच पाहिला होता. थोडक्यात, धूर पाहण्याऐवजी ऐकला गेला! दहा लक्ष भागांत एका भागाहूनही कमी वायू त्यातून कळू लागला.

२०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखर कारखान्यांसह सतरा प्रकारच्या उद्योगांना अखंड मोजणारी यंत्रे बसविण्यास सांगितले. काळेपणाच्या शेऱ्याचे दिवस तिथे संपले. महामार्गावर मात्र वाहनांच्या तपासणीत आजही पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासतात आणि डिझेलच्या गाडीच्या धुराचा दाटपणा. बारामतीच्या पटेलांनी ऐकलेला तो वायू त्या प्रमाणपत्रावर कुठेच नसतो.