गिटारीची पेटी

तंबोऱ्याचा भोपळा बदलला की तारा त्याच असूनही नाद पालटतो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. विजेच्या गिटारीचेही तेच. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात अमेरिकन फेंडर ‘बासमन’ ध्वनिवर्धकाची जवळजवळ नक्कलच झाली. मात्र बासमनचे १० इंची ४ स्पीकर मागून उघड्या पेटीत असत. येथे १२ इंची ४ सेलेस्टियन स्पीकर बंद पेटीत बसविले. उघड्या पेटीत मागची लहर पुढे येऊन खर्जास मारते. ती कोंडताच नाद भरदार झाला. श्रेय लोक आतल्या विद्युत्-जोडणीस देतात. आम्हांस सुताराचा वाटा मोठा वाटतो. पुढे १९६५ साली ‘द हू’चे पीट टाउनशेंड यांनी ८ स्पीकरांची एकच पेटी करविली. ती उचलता उचलता माणसे मेटाकुटीस आली, तेव्हा तिच्या दोन पेट्या करून एकीवर एक रचण्यात आल्या.