मुदत विमा आणि आजीवन विमा

मुदत विमा आणि आजीवन विमा हे आयुर्विम्याचे दोन मूलभूत प्रकार आहेत. मुदत विम्यात ठरलेल्या काळात विमाधारकाचा मृत्यू झाला तरच वारसांना विमा रक्कम मिळते. मुदतीअखेर तो हयात असल्यास सहसा काहीही परत मिळत नाही. आजीवन विम्याचे संरक्षण आयुष्यभर किंवा ठरावीक वृद्धापकाळापर्यंत टिकते, त्यामुळे विमा चालू राहिल्यास रक्कम केव्हातरी मिळतेच.

हप्त्यातील फरक

ऐन उमेदीच्या वयात मृत्यूची शक्यता कमी असते आणि मुदत विम्याच्या बहुतेक करारांत विमा संस्थेला रक्कम द्यावी लागत नाही. म्हणून त्याचा हप्ता अल्प असतो. आजीवन विम्यात प्रत्येक कराराची देणी भागवायची असल्याने हप्त्यातून निधी साठवावा लागतो. कर्ज, बोनस आणि विमा मध्येच सोडल्यास मिळणारे समर्पण मूल्य या सोयी याच निधीतून येतात.

धारणी तालुक्यातील संदर्भ

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील धारणी तालुक्यात कोरकू समाजाची मोठी वस्ती आहे. पावसावरची शेती, वनोपज, मजुरी आणि कामासाठी होणारे हंगामी स्थलांतर यांमुळे अनेक कुटुंबांचे उत्पन्न वर्षभर सारखे नसते. मोठ्या रकमेच्या मुदत विम्यासाठी कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. तो अशा कुटुंबांकडे क्वचितच असतो. त्यामुळे येथे दोन सरकारी योजनांची तुलना अधिक उपयोगी ठरते.

२०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना हा एक वर्षाचा, नूतनीकरण करावा लागणारा मुदत विमा आहे. १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदाराला तीत सहभागी होता येते. हप्ते चालू ठेवल्यास संरक्षण ५५ व्या वर्षापर्यंत मिळते. विमा रक्कम २ लाख रुपये असून जून २०२२ पासून वार्षिक हप्ता ४३६ रुपये आहे. तो खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास संरक्षण खंडित होऊ शकते.

ग्रामीण टपाल जीवन विमा २४ मार्च १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील ‘ग्राम सुरक्षा’ हा आजीवन विमा आहे. हप्ते ५५, ५८ किंवा ६० व्या वर्षापर्यंत भरायचे असतात. बोनससह रक्कम वयाच्या ८० व्या वर्षी, किंवा त्याआधी मृत्यू झाल्यास वारसाला मिळते. चार वर्षांनंतर कर्ज घेता येते, तीन वर्षांनंतर विमा समर्पित करता येतो. मात्र पाच वर्षांच्या आत सोडल्यास बोनस मिळत नाही.

निवड

खरा प्रश्न हप्ता किती वर्षे निभावेल हा असतो. लहान मुले, सावकारी कर्ज आणि एकच कमावता माणूस असलेल्या घराला आधी मोठे संरक्षण हवे. तेवढ्याच पैशांत ते मुदत विम्यातून मिळते. आजीवन विमा नियमित पगार असलेल्या शिक्षकाला किंवा वनरक्षकाला झेपतो. दोन-तीन हंगाम वाया गेल्यावर मजुराने तो सोडला, तर भरलेल्या पैशांचा मोठा भाग बुडतो आणि संरक्षणही जाते.

दावा

दोन्ही प्रकारांत मृत्युदाव्यासाठी मृत्यू प्रमाणपत्र लागते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नोंद मृत्यू झालेल्या ठिकाणी होते. स्थलांतरित मजूर परजिल्ह्यात दगावल्यास कुटुंबाला दाखला तेथूनच मिळवावा लागतो, आणि विमा कोठे उतरवला होता हे घरच्यांना ठाऊक नसल्यास दावाच दाखल होत नाही.