नापसंतीचं वजन

लांजा तालुक्यातल्या खावडी गावात ग्रामपंचायत निवडणुकीत ४४१ वैध मतांपैकी २१० 'नोटा'ला पडली आणि विजयी उमेदवाराला १३०. निवडून मात्र तोच आला. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने नोटाचं बटण मिळालं, पण त्या बटणाने कुणी पडत नव्हतं.

असे काही निकाल दाखवून राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटा हा 'काल्पनिक उमेदवार' मानायचा आणि त्याला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. विधानसभा-लोकसभेला हे लागू नाही.

आता काही मित्र म्हणतात, पुढे जाऊ या. नको असलेल्या उमेदवाराच्या मतांतून थेट एक मत वजा व्हावं. आमच्या मोहल्ल्यात ही कल्पना पटकन पटते, आणि का पटते तेही उघड आहे. सभेत आमच्याविरुद्ध बोलणाऱ्याचं आज काही जात नाही, कारण आमची मतं त्याला मिळणारच नव्हती. मत वजा होणार असतं तर त्याची जीभ थोडी आवरली असती.

पण वजाबाकी शंभरातल्या पंधरांच्या हाती येते, तशी पंच्याऐंशींच्याही येते. आपला उमेदवार उभा राहिला की त्याच्यावर ती किती सहज वापरली जाईल! वजामताचं वजन अर्धं धरलं तरी मोठा गट मोठाच राहतो.

छोट्या गटाच्या मताला वजन द्यायचा दुसरा मार्ग मुंबई प्रांताने १९३७ मध्ये वापरला होता. सर्वसाधारण मतदारसंघांत एकाहून जास्त जागा असत. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकालाच देता येत. डॉ. आंबेडकरांचा याच पद्धतीला आग्रह होता. त्या निवडणुकीत ते स्वतः मुंबईतून आले आणि रत्नागिरी जिल्ह्यातून त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे शामराव परुळेकर. खोती रद्द करण्याचं विधेयक त्याच विधानसभेत आलं. मुसलमान तेव्हा विभक्त मतदारसंघात मत देत, त्यामुळे हा अनुभव आपल्या आठवणीत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही मुभा गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत मतदाराला दोन मतं होती, पण दोन्ही एकालाच दिली तर त्यांतलं एकच मोजलं जाई. तिथे ७४,३३३ मतं बाद झाली. आंबेडकर हरले सुमारे १५ हजारांनी. त्यांनी आणि अशोक मेहतांनी त्याविरुद्ध अर्ज केला. उपयोग झाला नाही. १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच संपले.

ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात मात्र आजही दोन-तीन जागा असतात, फक्त प्रत्येक जागेची लढत वेगळी. आरक्षणाचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न खराच. तो सोडवून तीन जागा एकत्र लढवल्या आणि तिन्ही मतं एकाला देऊ दिली, तर १०० मतदारांतले २६ जण एकजुटीने ७८ मतं टाकतील. उरलेले ७४ जण आपली २२२ मतं तिघांत वाटतील, म्हणजे प्रत्येकी ७४. मोहल्ल्याचा एक सदस्य येईल आणि वाडीचे दोन, कुणाचं एकही मत वजा न करता.