उंदीर पडला

एके काळी आपल्या मुलखात ‘उंदीर पडला’ या दोन शब्दांचा फार धाक होता. आढ्यावरचा उंदीर झिंगल्यासारखा खाली येई, भरदिवसा माणसांदेखत फिरे आणि मरून पडे. मग कोणी वैद्याची वाट पाहत नसे. बिऱ्हाड उचलायचे, माळावर झोपड्या घालायच्या आणि गाव ओस टाकायचे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तेवढ्यावरूनही उंदराचा संशय यायला हवा होता. १८९४ साली हाँगकाँगात यर्सिनने या रोगाचा जंतू शोधला तेव्हा मेलेल्या उंदरांतही तो त्याला सापडला होता. पण सरकारने पाठलाग केला तो माणसाचा. घरझडत्या झाल्या, माणसे सक्तीने छावण्यांत नेली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. उंदीर मात्र बिळात सुखरूप होते. सुखरूप तरी कसे म्हणावे? ते आधीच मरत होते.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने आजारी उंदराशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श नाही, पण पिसवांना जाळी आडवी येत नव्हती. निरोगी उंदीर प्लेगने मेला. प्लेग कमिशनला हे पटले नाही. १९०५ पासून परळला पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेली जनावरे वाचतात असे दिसले आणि वाद मिटला. मुंबईतला क्रमही तेव्हा उमगला: आधी गटारातला तपकिरी उंदीर, साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि आणखी दहाचौदा दिवसांनी माणूस. जंतूंनी पिसूचा घसा तुंबतो, हे १९१४ साली बेकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले. ती भुकेली पिसू चावत सुटते आणि ओढलेले रक्त जंतूंसकट परत जखमेत ओकते. उंदीर थंड पडला की दुसरे ऊबदार अंग शोधते.

माळावर जाणाऱ्या खेडुतांना पिसूचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण हे दहाचौदा दिवस त्यांनी बरोबर हेरले होते. धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि पिसवा गावोगाव जात. विंचूर-लासलगावसारख्या पेठांना हे सांगायला नको. याच जिल्ह्यात, भगूरला, १८९९ साली दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावीही उंदीर मेल्याची बोलवा आधी झाली, गाठी मागून आल्या.

पण उंदरांचे सगळेच रोग अशी वर्दी देत नाहीत. १९७६ साली कोरियात हो वांग ली यांनी शेतातल्या उंदरात हंता विषाणू शोधला. त्याचाच भाऊबंद, सोल विषाणू, तपकिरी उंदरांत जगभर आढळतो. त्याला पिसू लागत नाही. नर भांडतात, चावतात, आणि लाळेतून तो पसरतो. पिलांना काही आठवडे आईकडून मिळालेले संरक्षण असते, पुढे तीही सापडतात. उंदीर आजारी दिसत नाही; खातो, वितो, आणि लघवीतून विषाणू टाकत राहतो. वाळलेल्या लघवीची धूळ श्वासात गेली की माणसाला ताप येतो, मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून उंदरांचा वावर असलेली बंद वखार उघडली की दारे-खिडक्या मोकळ्या सोडाव्यात, आणि कोरडा झाडू न मारता आधी जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे.