चिठ्ठी (वैद्यकीय) : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना फॅमिली डॉक्टर लिहून देतात ते पत्र. सरकारी कागदांत ‘संदर्भसेवा’. भोसरी-चाकणकडे नुसते ‘डॉक्टरांनी चिठ्ठी दिली’.

या पट्ट्यात चिठ्ठीच्या वाटा दोन. पहिली कामगार विम्याची (ईएसआय, मूळ कायदा १९४८ चा). महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार पॅनेल डॉक्टरकडे किंवा विमा दवाखान्यात जातो, तिथून चिठ्ठीने मोहननगरच्या विमा रुग्णालयात, आणि तिथे सोय नसेल तर करार झालेल्या खासगी रुग्णालयात. दुसरी वाट महापालिकेच्या ‘वायसीएम’ची, म्हणजे संत तुकारामनगरच्या ७५० खाटांच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाची. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरच्या पत्राशिवाय सरकारी तज्ज्ञ सहसा भेटत नाही. वायसीएममध्ये मात्र नुसता केसपेपर काढला की झाले. गरिबाला दार उघडे आहे, हे मोलाचेच. पण मग सर्दी-तापाचा आणि हर्नियाचा रुग्ण एकाच खिडकीशी येतो, खेड-मावळहून आलेलाही त्याच रांगेत. त्यामुळे चिठ्ठीत काय लिहिले आहे, यावर बरेच काही ठरते.

हर्नियाच घ्या. ‘वायसीएमला दाखवा’ एवढ्या एका ओळीवर आलेला कामगार आधी मेडिसिनला बसतो, मग तपासण्या, मग रिपोर्ट, मग सर्जरी. कंत्राटी कामगाराला प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा, बुडालेला रोज. रुग्णालयाला त्याच माणसाच्या तीन-चार ओपीडी. दुखणे कधीपासून, साखर, रक्तदाब, चालू गोळ्या आणि सोनोग्राफी एवढे चिठ्ठीत असेल, तर तो थेट सर्जरीला जातो. ऑपरेशनची तारीख मात्र खाटा, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांवरच ठरते. तिथे चिठ्ठीचे काही चालत नाही.

उशिरा दिलेली चिठ्ठी अधिक महागात पडते. मधुमेह्याच्या पायाची जखम दवाखान्यातच आठवडेच्या आठवडे ड्रेसिंगवर ठेवली की तो शेवटी इमर्जन्सीत येतो, आणि त्या दिवशीची ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलली जातात.

चिठ्ठीमागे ‘कट’ (रुग्ण पाठवल्याबद्दलचे कमिशन) असला की रुग्ण गरजेच्या जागी न जाता कमिशनच्या जागी जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एमआरआयसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला १,२०० रुपयांचा धनादेश नाकारून तक्रार केली, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. २०१७ साली सरकारने कटविरोधी कायद्याचा मसुदाही केला.

मोठ्या रुग्णालयातून फॅमिली डॉक्टरांना परतीची चिठ्ठी जवळजवळ कोणीच लिहीत नाही. म्हणून रक्तदाबाच्या त्याच गोळ्यांसाठी बरे झालेले रुग्णही महिन्याच्या महिन्याला मोठ्या रुग्णालयात येतात. घरी सोडल्यावर डिस्चार्ज कार्ड कपाटात ठेवू नये. आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांना नेऊन दाखवावे.