लाकडी वाडा : मालकी, देखभाल आणि जबाबदारी

आजचा विषय वरवर अगदी साधा आहे. लाकडी घर असणं, ते राखणं आणि सुधारणं. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. घर माझं आहे म्हणजे नेमकं काय आहे? या प्रश्नाचं उत्तर सातारा-सांगलीच्या वाड्यांनी आपल्याला दिलेलं आहे, ते आज बघू.

लाकडाचं घर म्हटलं की रशियातलं किंवा नॉर्वेमधलं ओंडक्यांचं घर डोळ्यांसमोर येतं. तिकडे ओंडके आडवे, एकावर एक रचतात. म्हणजे लाकूड हीच भिंत. आपल्याकडे लाकूड उभं राहतं. दगडी जोतं, त्यावर दगडी उथळं, उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई आणि तुळईवर कडीपाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचं, असा हिशेब असे. भार लाकडाचा सांगाडा पेलतो, माती-विटांची भिंत बरीचशी आडोशाला असते. आता ते उथळं का, ते लक्षात घ्या. खांबाचा पाय मातीत गेला तर ओल चढते आणि वाळवी लागते. तो पाय जमिनीपासून उचलून ठेवला की सागवान पिढ्यानपिढ्या टिकतं. लाकूड वयानं मरत नाही, पाण्यानं मरतं. हे आमच्या सुतारांना पक्कं ठाऊक होतं.

हा सांगाडा किती कामाचा, याची परीक्षा 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाली. कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती कोसळल्या. पुढे 1993 साली किल्लारीला तेच झालं. कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खण जागेवर उभे होते. माणसं मेली ती जाड दगडी भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीखाली. सांगलीला दुसरी परीक्षा कृष्णा घेते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. अशा पुरात कच्च्या मातीची भिंत तळातून विरघळते. सागवानी खांब मात्र काही दिवसांचं पाणी सोसतो, फक्त नंतर त्याला वाऱ्यावर नीट सुकू द्यायला हवं.

मग प्रश्न पडतो, लाकूड एवढं चिवट, तर वाडे गेले कुठे?

आधी जुनी व्यवस्था बघा. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त झाडांविषयी मोठा विचार आहे. आरमाराला लागणारं सागवान परवानगीनं तोडावं. आंबा-फणस रयतेनं लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. लाकूड ही जपून वापरायची वस्तू होती, आणि म्हणूनच ते एका घरातून निघून दुसऱ्या घरात बसत असे. मृगापूर्वी घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, खांबांना अळशीचं तेल द्यायचं, हा वर्षाचा नेम. पण हा नेम स्वस्तात चालत होता, कारण सुतार बलुत्यावर राबत होता. त्याच्या हाताचं मोल सुगीच्या धान्यात, आणि तेही गावाच्या मर्जीनं, चुकतं व्हायचं. वाड्याचं वैभव सांगताना हे गाळून चालणार नाही. आज सुतार योग्य मजुरी मागतो आणि दुरुस्ती महाग वाटते. तेव्हा ती महाग नव्हती असं नाही, तिचा खर्च दुसरा कुणी सोसत होता.

आता मोडतोड कशी झाली ते बघू. 1948 च्या सुरुवातीला, गांधीजींच्या हत्येनंतर, सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. लाकडी घर पेटलं की काही उरत नाही. बरीच कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. पाठोपाठ कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. कसणाऱ्याला जमीन मिळाली, आणि ते न्यायाचंच होतं. पण ज्या खंडावर वाडा शाकारला जात होता तो खंड थांबला. गावात उरलेल्यांनी खोल्या भाड्यानं दिल्या. त्यात 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. प्रमाण भाडं मोजायचं ते 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवरून. वर्षभराच्या भाड्यात कौलांची एक पाखी शाकारून होईना. 1999 च्या कायद्यानं दरसाल चार टक्के वाढ दिली, पण तोवर दोन पिढ्यांचं पाणी तुळयांमध्ये मुरलेलं होतं.

आणि शेवटी वाटण्या. सात-बारा वाटता येतो, आढं वाटता येत नाही. चार भावांच्या चार खोल्या, छप्पर एक. थोरल्याच्या खोलीवर गळतं, धाकटा म्हणतो माझ्याकडे कोरडं आहे. बघा, प्रत्येकाची मालकी कागदावर पक्की, आणि छप्पर मात्र कुणाचंच नाही.

इथे मला 'मिलिंदपञ्ह' आठवतो. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? यातलं एकेक म्हणजे रथ नव्हे. सगळं विशिष्ट रीतीनं जुळलं की त्याला आपण रथ म्हणतो. वाड्याचंही तसंच आहे. खांबाचा कुजलेला पाय कापून नवा तुकडा सांधला, तुळई बदलली, नळीच्या कौलांऐवजी मंगलोरी कौलं घातली, तरी वाडा तोच राहतो. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला 1865 साली. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो तीसुद्धा एकेकाळची सुधारणाच. याउलट एकही खांब न बदलता, चार कुलपं लावून ठेवलेला वाडा तो वाडा राहत नाही, कारण त्याचे भाग आता एकमेकांसाठी नसतात. लाकडी घराची मालकी ही एकदा मिळून संपणारी गोष्ट नाही. दरवर्षी कुणीतरी शिडी लावावी लागते.

वाईजवळचं मेणवली बघून या. नाना फडणीसांचा सहा चौकांचा वाडा कृष्णाकाठी अजून उभा आहे. घाटावरच्या देवळाजवळ वसईच्या मोहिमेतून आलेली, 1707 सालची पोर्तुगीज घंटाही आहे. नानांच्या वंशजांनी वाड्याची काळजी घेतली, म्हणून तो राहिला. असे इतर वाडे आज मोडीत जातात, कारण जुन्या सागवानाला बाजारात चांगला भाव आहे. उभ्या वाड्यापेक्षा उतरवलेल्या खांबांचे पैसे जास्त, अशी वेळ आली आहे.

तुमच्यापैकी कुणाचं असं घर गावी असेल, त्यांना एवढंच सांगतो. आधी पाणी अडवा, मग रंगरंगोटी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते आणि भिंतीतलं लाकूड कुजतं, चुन्याचा करा. माडीवर न्हाणीघर काढायचंच असेल तर त्याचं पाणी तुळईपासून लांब न्या. वाळवीसाठी खांबाचा पाय बघा आणि टोकदार पेचकसानं टोचून बघा. आत भुसभुशीत लागलं तर तेवढाच तुकडा बदलतो, अख्खा खांब नाही. विजेच्या जुन्या तारा बदला, लाकडी घराला आगीचं भय पहिलं. आणि भावंडांनी मिळून छपरासाठी एक वेगळं खातं काढा, वाटणीच्या कागदाआधी. वाद कोर्टात वीस वर्षं थांबू शकतो, पाऊस काही थांबत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.